रेटिनातल्या पेशी अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने बघायच्यात? आधी समोरचा डोळा नीट लावा, आरशाचं नंतर

साध्या फंडस कॅमेऱ्यात (रेटिनाचा, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचा फोटो काढणारा) रक्तवाहिन्या, ऑप्टिक डिस्क वगैरे मस्त दिसतं पण एकेक कोन पेशी (रंग आणि बारीक तपशील टिपणारी) सुटी दिसत नाही, कारण कॉर्निया आणि लेन्समधून जाताना प्रकाशाचा वेव्हफ्रंट (लाटेचा पुढचा पृष्ठभाग) वेडावाकडा होतो. बाहुली लहान ठेवली तर वाकडेपणा कमी पण डिफ्रॅक्शन (कडेवरून प्रकाशाचं पसरणं) वाढतं, मोठी केली की बरोबर उलटं. म्हणून बाहुली मोठीच ठेवायची आणि वाकडेपणा सेन्सरने मोजून आकार बदलणाऱ्या आरशाने काढायचा, एवढीच अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची आयडिया. मूळची खगोलवाल्यांची, होरेस बॅबकॉकने १९५३ मध्ये मांडलेली. डोळ्यावर ती रोचेस्टर विद्यापीठात लियांग, विल्यम्स आणि मिलर यांनी १९९७ मध्ये करून दाखवली, आणि २००२ मध्ये ऑस्टिन रुर्डा आणि सहकाऱ्यांनी ती स्कॅनिंग लेझरला (रेटिनावर लेझरचा ठिपका फिरवत चित्र बनवणारं यंत्र) जोडली. पुढचं सगळं या स्कॅनिंगवाल्या सेटअपबद्दल, आणि सेटअप बांधून तयार आहे असं धरून.

माणूस बसवायच्या आधी दोन गोष्टी. एक, बाहुली जिथे येणार तिथे इन्फ्रारेड कार्ड धरून स्कॅनर चालू करा. ठिपका जागच्या जागी राहिला पाहिजे, तो इकडेतिकडे सरकत असेल तर बाहुली, स्कॅनर, आरसा आणि सेन्सरची लेन्सलेट (बारीक लेन्सची जाळी, तिच्यामुळे सेन्सरवर ठिपके पडतात) एकमेकांच्या प्रतिमेवर नीट बसलेली नाहीत, मग पुढे कितीही डोकं आपटा काही होणार नाही. दोन, कॉर्नियाच्या जागी पॉवर मीटर धरून इमेजिंगचा प्रकाश आणि सेन्सरचा बीकन (वाकडेपणा मोजायला सोडलेला प्रकाश) दोन्ही मोजा आणि सुरक्षेचा हिशोब दोन्ही एकत्र धरून करा, मर्यादा आयएसओ १५००४-२ आणि अँसी झेड१३६.१ मध्ये दिल्यात. हे रोज करायचं, काल मोजलं होतं हे चालणार नाही.

आता डोळा. बाहुली मोठी करायचे थेंब घालायच्या आधी डोळ्यातला अँगल (कॉर्निया आणि आयरिसमधली फट) अरुंद नाही ना हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. ट्रॉपिकामाइडचा फायदा असा की बाहुली मोठी होतेच पण जवळचं बघताना लेन्स जी फुगते तेही बऱ्यापैकी थांबतं, नाहीतर फोकस सतत हलत राहतो. वीस-तीस मिनिटं थांबा. निदान ६ मिमी बाहुली मिळाली पाहिजे.

डोकं स्थिर ठेवायला हनुवटीचा टेकू काहींना पुरतो, पण दाताच्या मटेरियलचा ठसा घेऊन केलेला बाइट बार असेल तर निम्मं काम तिथेच झालं (लोक सुरुवातीला तोंड वाकडं करतात, पण सवय होते). मग स्टेज हलवत सेन्सरचा स्क्रीन बघा. ठिपक्यांचं पूर्ण गोल वर्तुळ दिसायला हवं, एका बाजूची चंद्रकोर गायब असेल तर डोळा मध्यावरून सरकलाय. नंबर असेल तर तो ट्रायल लेन्सने किंवा बॅडल ऑप्टोमीटरने (फोकस सरकवणारी लेन्सची रचना) आधीच काढून टाका, सिलिंडरसकट. आरशाचा स्ट्रोक (तो किती वाकू शकतो ते) मोजकाच असतो, तो उणे पाचच्या चष्म्यावर उधळला तर बारीक दोषांसाठी काय उरणार? ट्रायल लेन्स किंचित तिरकी ठेवा म्हणजे तिची चकाकी सेन्सरमध्ये जात नाही.

मग लूप जोडा (सेन्सर मोजतो, आरसा दुरुस्त करतो, असं सतत चालू), गेन म्हणजे दरवेळच्या दुरुस्तीचा वाटा कमी ठेवून, साधारण ०.३ पासून. उरलेली आरएमएस चूक (वाकडेपणाची एक प्रकारची सरासरी) तरंगलांबीच्या चौदाव्या भागापेक्षा कमी हवी, म्हणजे ८४० नॅनोमीटरला सुमारे ०.०६ मायक्रॉन. पण या आकड्यावर फार भाळू नका. आकडा सुंदर आणि चित्र धूसर असं हमखास होतं, कारण फोकस भलत्याच थरावर असतो. डोळ्याचा १ डायॉप्टर म्हणजे रेटिनात जवळपास ०.३७ मिमी, आणि रेटिनाची जाडीच साधारण तेवढी, म्हणजे सगळा खेळ एका डायॉप्टरच्या आत. ०.१ किंवा त्याहून बारीक पावलांनी सरकवत जा: रेघोट्या दिसल्या तर नर्व्ह फायबरच्या थरावर आहात, वाहतं रक्त दिसलं तर मधे कुठेतरी, आणि चमकदार ठिपक्यांची जाळी दिसली की कोन.

रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा घात करतात ते अश्रू. डोळा काही सेकंद उघडा राहिला की अश्रूंचा थर तुटतो, सेन्सरचे ठिपके पसरतात, आणि आपण उगाच आरशाला शिव्या घालतो. "दोनदा मिटा, आता उघडा ठेवा" असं सांगायचं आणि लगेच पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा, की परत मिटू द्यायचं.

पहिल्याच दिवशी फोव्हियाच्या (रेटिनातली सर्वात तीक्ष्ण नजरेची जागा) मध्यावर उडी मारू नका. तिथले कोन दोन-तीन मायक्रॉनचे, आणि ६ मिमी बाहुली, ८४० नॅनोमीटर या हिशोबात रिझोल्यूशनही तीनच्या आसपास येतं. मध्यापासून दोन अंश बाहेर कोन मोठे असतात, तिथे हात बसू द्या. फ्रेम एक-दीड अंशाचीच असते, त्यामुळे बघायचा ठिपका सरकवत, कडा एकमेकांवर येतील अशा बेताने पुढे जायचं आणि नंतर मॉन्टाज जोडायचा.

प्रोसेसिंगमध्ये आधी रेझोनंट स्कॅनरची साइन विकृती (स्कॅनरचा वेग मधे जास्त, कडेला कमी असल्याने येणारी) ग्रिडच्या फोटोवरून काढा, मग फ्रेमच्या पट्ट्या पाडून जुळवा, कारण एका फ्रेममध्येही डोळा सरकलेला असतो. रेफरन्स फ्रेम डोळा शांत असतानाची निवडा, तिचा वाकडेपणा सगळ्या ॲव्हरेजमध्ये उतरतो. आणि एक अंश म्हणजे ०.३ मिमी असं सरसकट लावू नका, बायोमीटरने डोळ्याची लांबी मोजा. स्केल १०% चुकलं तर क्षेत्रफळ २१% चुकतं आणि कोनची घनता त्याच प्रमाणात खोटी येते.

जाळीत काळी जागा दिसली की लगेच "इथले कोन मेले" असं लिहून मोकळं व्हायची घाई नको. कोनची चमक वेळेनुसार बदलते, आज काळा दिसलेला काही तासांनी उजळ दिसू शकतो. तीच जागा पुन्हा घ्या, आणि सेटअपमध्ये स्प्लिट डिटेक्टर असेल तर त्याचं चित्र शेजारी ठेवा, कारण त्यात कोनचा इनर सेगमेंट (पेशीचा आतला भाग) तो चमकत नसतानाही दिसतो.