कादंबरीत लेखकाचं दुःख कुठे गेलं, ते कसं शोधावं

लेखकाच्या आयुष्यातलं काय कादंबरीत जसंच्या तसं आलं, हे कुणालाही शोधता येतं. त्याने काय बदललं, हे पाहायला जास्त वेळ लागतो, आणि हाताला लागतं ते तिथेच. सरावासाठी चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ घ्या.

आधी कादंबरी वाचा, चरित्राला हात न लावता. चरित्र आधी वाचलं की प्रत्येक पात्रामागे कुणीतरी खरा माणूस दिसायला लागतो. सगळी कादंबरी जमत नसेल तर निदान पहिली 14 प्रकरणं, म्हणजे नायक डेव्हिड पळून डोव्हरला नात्यातल्या बेट्सी ट्रॉटवुडकडे पोचतो तिथपर्यंत. वाक्यावाक्याची तुलना करायची तर मूळ इंग्रजीच लागेल. अनुवादावर, त्यातही संक्षिप्त अनुवादावर, ते काम होत नाही.

मग एका कागदावर तीन रकाने आखा: घडलं, लिहिलं, छापलं. डिकन्स 12 वर्षांचा असताना, 1824 मध्ये, त्याला थेम्सकाठच्या वॉरेनच्या बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला लावलं. डब्यांवर कागद बांधायचा आणि लेबल चिकटवायचं. काही दिवसांतच वडिलांना 40 पौंड 10 शिलिंगांच्या देण्यापायी मार्शलसीच्या तुरुंगात टाकलं. कादंबरी मासिक हप्त्यांनी निघाली मे 1849 ते नोव्हेंबर 1850 मध्ये. मधली 25 वर्षं ठळक लिहा. ताजी जखम आणि मुरलेली जखम यांची भाषा वेगळी असते.

तिसरं काम कागदपत्रांचं. डिकन्सने आत्मचरित्राचा एक तुकडा लिहून सोडून दिला होता. तो वाचकांना मिळाला त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा मित्र जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रात (1872–74). हा तुकडा आणि कादंबरीचं अकरावं प्रकरण शेजारी ठेवा. पगार आठवड्याला सहा शिलिंग होता की सात, हे नक्की आठवत नाही, म्हणजे आधी सहा आणि पुढे सात असावा, हा तर्क दोन्हीकडे जवळजवळ त्याच शब्दांत आहे. अशी वाक्यं एका रंगाने अधोरेखित करा.

आता दुसरा रंग घ्या, बदलांसाठी. पॉलिशच्या जागी दारूचं कोठार आलं, बाराच्या जागी वय दहा झालं. हे किरकोळ. वडिलांचे मात्र दोन तुकडे झालेत. पोराला कामावर धाडणारा कठोरपणा सावत्र बाप मर्डस्टनकडे गेला. कर्जात बुडूनही वाक्यं झोडणारा लाघवीपणा डेव्हिडचा घरमालक मिकॉबर याच्याकडे गेला, आणि तुरुंगातही तोच जातो, फक्त मार्शलसीऐवजी किंग्ज बेंचमध्ये. आणि आई? वडील सुटल्यावरही मुलाने कारखान्यात परत जावं असं खऱ्या आईचं म्हणणं होतं, ते आपण कधीच विसरणार नाही, असं तो त्या तुकड्यात लिहितो. कादंबरीत डेव्हिड कामाला लागण्याआधीच आई वारते, तीही गोड, दुबळी आणि निर्दोष. म्हणजे सर्वांत खोल तक्रारीला कादंबरीत उभं राहायला जागाच ठेवलेली नाही. प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न लिहा: यामुळे राग कुणावरून कुणावर गेला?

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कादंबरीतून चरित्रातल्या रिकाम्या जागा भरायच्या आणि मग त्याच चरित्राने कादंबरी समजावायची. डेव्हिड पळून गेला म्हणून डिकन्सही पळाला असं नाही. वडिलांचं कारखान्यातल्या नातेवाइकाशी भांडण झालं आणि डिकन्सचं काम सुटलं. ज्या गोष्टीला कादंबरीबाहेर पुरावा नाही, तिच्यापुढे फुली मारा.

दुसरी चूक योगायोगाला हेतू समजण्याची. डेव्हिड कॉपरफील्डची आद्याक्षरं डी. सी. म्हणजे चार्ल्स डिकन्सची सी. डी. उलटी, हे अनेकांना मोठं गुपित वाटतं. पण डिकन्सने नायकासाठी कितीतरी नावं खरडून पाहिली होती, आणि फॉर्स्टरने ही अक्षरं दाखवली तेव्हा तो स्वतःच चकित झाला. नकळत झालं असेलही, पण योजून केलं असं म्हणू नका.

शेवटी हाच तक्ता पुढच्या पुस्तकांना लावा. ‘लिटल डॉरिट’मध्ये (1855–57) मार्शलसी स्वतःच्या नावाने येतं आणि आत बापच असतो. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1860–61) लिहिताना, पुनरावृत्ती होऊ नये म्हणून, डिकन्सने ‘कॉपरफील्ड’ पुन्हा वाचलं होतं. त्यात खेड्यातला जो लोहार लंडनला येतो आणि आल्याआल्या पाहायला जातो ते काय, तर बूटपॉलिशचं कोठार. प्रसंग विनोदी आहे. त्याला तिसरा रंग द्या.