पटाशीला धार लावताना पाणी उतरू देऊ नका

पटाशी किंवा रंध्याचं पातं साध्या कार्बन पोलादाचं असेल आणि ग्राइंडरवर त्याची कड निळी पडली, तर तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. मग तो भाग घासून जाईपर्यंत धार दोन घावांत बोथट होते. बेंच ग्राइंडर मिनिटाला 2,800 फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पातळ कड आणि त्यातही कोपरे सगळ्यात आधी तापतात. म्हणून हातमोजे न घालता धरा, बोटाला ऊब जाणवली की लगेच पाण्यात बुडवा. पांढरं, 60 ते 80 ग्रिटचं (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा; आकडा मोठा तितके कण बारीक) चाक कमी तापवतं. गॉगल हवाच.

ग्राइंडरवर फक्त 25 अंशांचा उतार काढा. खरी धार दगडावर, 30 अंशांत. दोन्ही बाजूंनी पातं आवळून ठराविक कोनात धरणाऱ्या साध्या जिगमधून पटाशी 30 मिमी बाहेर काढली की साधारण 30 अंश मिळतात, 40 मिमीला 25. रंध्याचं पातं वरच्या खाचेत बसतं, त्याला 30 अंशांसाठी 38 मिमी आणि 25 साठी 50. दर वेळी पट्टीने मोजत बसण्यापेक्षा एका फळीवर या अंतरांचे ठोकळे ठोकून ठेवा. हे फार कामाचं आहे, कारण कोन तोच राहिला की पुढच्या वेळी चार-सहा हातांत धार येते.

1000 ग्रिटच्या दगडावर घासताना पाठीकडून बोट फिरवा. बारीक खरखरीत कड पूर्ण रुंदीभर लागली पाहिजे. मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती काढा. जिथे ती लागत नाही, तिथे धार अजून पोचलेली नाही.