हा पत्ता दिला कोणी? नेटवर्क प्रोटोकॉल शिकताना

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी होऊन मी बेळगावात डिप्लोमाला आलो, तेव्हा नेटवर्कच्या पुस्तकात सर्वांत आधी ओएसआयचे सात थर भेटले, म्हणजे नेटवर्कच्या कामाची सात पायऱ्यांत केलेली मांडणी. ते मी क्रमाने पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळाले. परंतु प्रोटोकॉल म्हणजे नेमके काय, हे नोकरीला लागेपर्यंत उमगले नव्हते.

दोन यंत्रांनी बोलताना पाळायचा, आधीच ठरलेला रिवाज म्हणजे प्रोटोकॉल. आधी कोणी बोलायचे, कोणत्या क्रमाने, उत्तर आले नाही तर किती वेळ थांबायचे आणि पुन्हा कधी विचारायचे, हे सगळे त्यात येते. गणपत गल्लीतल्या दुकानात गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे पहिल्या दोन वाक्यांतच ठरते की व्यवहार मराठीत होणार की कन्नडमध्ये. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना टीएलएस या प्रोटोकॉलमध्ये असेच घडते : ब्राउझर आपल्याला येणाऱ्या सांकेतिक पद्धतींची यादी पाठवतो, सर्व्हर त्यातली एक निवडतो, आणि दोघांना येणारी एकही पद्धत नसेल तर बोलणे तिथेच थांबते.

मला हे खऱ्या अर्थाने कळले ते पहिल्या नोकरीत. शहरातल्या एका कार्यालयात सोमवारी सकाळी निम्म्या संगणकांवर इंटरनेट चालू होते आणि निम्म्यांवर बंद. मी केबल बदलल्या, कनेक्टर नव्याने क्रिंप केले, संगणकांना एकमेकांशी जोडणारा नेटवर्क स्विच बंद करून चालू केला. दुपार झाली तरी काही सुधारले नाही. शेवटी एक ज्येष्ठ सहकारी आले. त्यांनी इंटरनेट बंद असलेल्या एका संगणकावर आयपीकॉन्फिग ही संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता दाखवणारी विंडोजची आज्ञा चालवली, पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, "ह्याला हा पत्ता कोण दिला रे?" कार्यालयातले पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असत; या संगणकाचा पत्ता १९२.१६८.० ने सुरू होत होता.

पत्ता देण्याचे काम डीएचसीपी हा प्रोटोकॉल करतो. नव्याने जोडलेल्या संगणकाला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून साऱ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतो : कोणी पत्ता देणारा आहे का? सर्व्हर देऊ करतो, संगणक तो मागून घेतो, सर्व्हर पक्के करतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक, असे हे चार संदेश. उत्तर देणारा खरा सर्व्हर आहे का, हे मूळ प्रोटोकॉलमध्ये कोणी तपासत नाही. बहुतेक वेळा ज्याची ऑफर आधी येते तिचाच स्वीकार होतो. त्या कार्यालयात कोणीतरी वायफायसाठी टेबलाखाली जुना राउटर ठेवला होता आणि केबल त्याच्या बाहेरच्या जोडणीसाठीच्या वॅन पोर्टऐवजी आतल्या संगणकांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये खोचली होती, त्यामुळे तोही पत्ते वाटू लागला होता. रात्रभर चालू राहिलेले संगणक जुन्या पत्त्यावर ठीक होते. सकाळी सुरू केलेले त्या राउटरच्या हाती लागले, आणि त्याच्याकडून इंटरनेटला वाट नव्हती. केबल उपसली, पत्ते नव्याने घेतले, आणि काम सुरू झाले. माझे सात थर तोंडपाठ होते, पण पत्ता कोणी दिला हा प्रश्न मला सुचला नव्हता.

म्हणून नवख्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर पहिल्याच आठवड्यात घ्यावे आणि स्वतःच्या संगणकाचे बोलणे डोळ्यांनी पाहावे. आधी डीएचसीपी, मग संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस, मग माहिती पाठवण्याआधी जोडणी पक्की करणाऱ्या टीसीपीची सिन, सिन-ॲक, ॲक ही तिहेरी देवाणघेवाण. माहिती पाठवणाऱ्याच यूडीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये अशी ओळखपाळख नसते, पॅकेट म्हणजे माहितीचा तुकडा थेट पाठवला जातो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. तरीही प्रोटोकॉलचे नियम ज्यांत लिहिलेले असतात ती आरएफसी नावाची मूळ कागदपत्रे वाचायला घाबरू नये. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट टीसीपी आणि आयपी या जोडीवर आले, आणि त्या दोन प्रोटोकॉलच्या १९८१ सालच्या आरएफसी आजही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. पुढच्या काळातल्या बहुतेक आरएफसींत 'मस्ट' आणि 'शुड' यांसारख्या शब्दांचे अर्थ काटेकोर ठरवलेले असल्याने मला ती भाषा पाठ्यपुस्तकाहून सोपी वाटली.

पहिला प्रयोग करताना एक ध्यानात ठेवावे. नुसती केबल काढून पुन्हा जोडली, तर चारऐवजी बहुधा दोनच संदेश दिसतात, कारण संगणकाला जुना पत्ता आठवत असतो आणि तो थेट त्याचीच मागणी करतो. चारही पाहायचे असतील तर आधी आयपीकॉन्फिगने पत्ता रिलीज करावा, मग रिन्यू करावा, आणि ऑफर कोणत्या पत्त्यावरून आली ते वाचावे.