कमाल क्षेत्रफळाची गणितं सोडवताना या चुका टाळा

नेहमीचंच गणित घेऊ. ६० मीटर तार आहे. घराच्या भिंतीला लागून आयताकृती बाग करायची आहे आणि उरलेल्या तीन बाजूंना तारेचं कुंपण घालायचं आहे. बागेचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती?

आयत म्हटला की हात आपोआप २(लांबी + रुंदी) = ६० लिहून मोकळा होतो. पण भिंतीच्या बाजूला तार लागतच नाही. म्हणून आधी कच्ची आकृती काढा आणि तार जिथून जाते तेवढ्याच बाजू ठळक करा. भिंतीला काटकोनात असलेली बाजू क्ष मानली, तर अशा दोन बाजू होतात आणि समोरच्या बाजूला ६० − २क्ष तार उरते. या दोन बाजूंचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ; ते क्ष वर अवलंबून असलेलं फल आहे, त्याला फ(क्ष) म्हणू.

फ(क्ष) = क्ष(६० − २क्ष) = ६०क्ष − २क्ष²

‘चौरस सगळ्यात मोठा’ हे पाठ असणारे इथे २० × २० = ४०० मांडतात. तो नियम चारही बाजूंना कुंपण असेल तेव्हाचा आहे.

सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती पुढच्या पायरीवर. दहावीत वर्गसमीकरणं इतकी सोडवलेली असतात, की फल दिसताच त्यापुढे ‘= ०’ लिहिलं जातं. उत्तरं येतात ० आणि ३०. याचा अर्थ काय? क्ष शून्य असेल किंवा ३० असेल, तर बागच उरत नाही! आपल्याला क्षेत्रफळ शून्य कधी होतं ते नको आहे, सर्वांत जास्त कधी होतं ते हवं आहे. तरीही ती उत्तरं खोडू नका. क्ष² चा सहगुणक (−२) ऋण असल्यामुळे आलेख खाली तोंड असलेला अन्वस्त (पॅराबोला) आहे, आणि तो सममित असतो. म्हणजे शिरोबिंदू, त्याचा सर्वांत उंच बिंदू, ० आणि ३० च्या बरोबर मध्ये, क्ष = १५ वर.

पूर्ण वर्ग करून तपासा:

−२(क्ष² − ३०क्ष) = −२[(क्ष − १५)² − २२५] = ४५० − २(क्ष − १५)²

इथे बाहेरच्या −२ ने २२५ ला गुणायचं राहून जातं आणि कमाल क्षेत्रफळ चक्क −२२५ येतं. क्षेत्रफळ ऋण आलं की तिथेच थांबा, चूक याच ओळीत सापडेल.

उत्तर १५ लिहून वही मिटू नका. विचारलंय क्षेत्रफळ: १५ × ३० = ४५० चौ. मी.

पुस्तकाच्या मागे दिलेल्या उत्तरांत क्ष = ३० दिसलं तर घाबरू नका. तिथे भिंतीला समांतर बाजू क्ष मानली असेल. क्षेत्रफळ मात्र ४५० च यायला हवं, ते जुळवून पाहा.

राहिला फलाचा प्रांत, म्हणजे क्ष ला घेता येणाऱ्या किमती. इथे ० < क्ष < ३०, हे बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि साध्या गणितात ते खपूनही जातं. पण भिंत फक्त २४ मीटर लांब असेल आणि समोरची बाजू त्याहून मोठी चालणार नसेल, तर ६० − २क्ष ≤ २४, म्हणजे क्ष किमान १८. आता १५ प्रांतातच नाही. बारावीची मुलं अवकलज (फलाच्या बदलाचा दर) शून्य करून इथेही १५ लिहितात. पण १५ च्या पुढे फल कमी कमी होत जातं, म्हणून कमाल किंमत प्रांताच्या टोकावरच मिळते: क्ष = १८, क्षेत्रफळ १८ × २४ = ४३२ चौ. मी.