डॉक्युमेंटेशन साइटसाठी सर्च क्रॉलर लावताना या चुका टाळा

शोधासाठी साइटची पानं वाचून साठवणाऱ्या क्रॉलरचा अहवाल सांगतो, काम यशस्वी. शोधपट्टीत ‘इन्स्टॉलेशन’ टाइप केलं तर मात्र काहीच येत नाही, किंवा एकच पान पाच वेळा येतं. अशा वेळी बहुतेक जण सर्च इंजिनाच्या रँकिंगमध्ये हात घालतात. दोष सहसा त्याच्या खूप आधी, क्रॉलरच्या कॉन्फिगमध्ये असतो. तो चटकन लक्षात येत नाही, कारण पानातला कोणता भाग उचलायचा हे सांगणारा सिलेक्टर चुकला म्हणून क्रॉलर एरर देत नाही. सापडलं तेवढं उचलतो आणि पुढच्या पानावर जातो.

म्हणून शोध बिघडला की तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. क्रॉलर पानापर्यंत पोचला का? पानातून त्याने काय उचललं? आणि उचललेलं शोधताना गाळलं तर जात नाही ना? क्रम सोडला की भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करण्यात दिवस जातो.

इथली उदाहरणं डॉक्युसॉरस या साधनाने बांधलेली साइट आणि अल्गोलियाची डॉकसर्च ही शोधसेवा या जोडीची आहेत. ओपन सोर्स प्रकल्पांत ही जोडी सर्रास दिसते. स्वतःच्या सर्व्हरवर टाइपसेन्स या दुसऱ्या सर्च इंजिनाचा स्क्रेपर, म्हणजे त्याचा क्रॉलर, चालवत असाल तरी बहुतेक मुद्दे लागू पडतील, कारण तो डॉकसर्चच्याच जुन्या, स्क्रेपीवर आधारलेल्या क्रॉलरमधून निघालेला आहे.

पत्त्यांचे घोळ

डॉक्युसॉरसच्या कॉन्फिगमध्ये ‘यूआरएल’ नावाची एक ओळ असते. नवा प्रकल्प तयार करताना तिथे नमुन्याचा पत्ता भरलेला येतो आणि साइट त्याच पत्त्यासह प्रकाशित होते. ब्राउझरमध्ये काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण साइटवरच्या लिंक सापेक्ष असतात. पण साइटमॅपमधले, म्हणजे पानांच्या यादीच्या फाइलमधले, सगळे पत्ते आणि प्रत्येक पानावरचा, त्याचा मूळ पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग याच ओळीतून बनतात. साइटमॅपवरून निघालेला क्रॉलर मग अस्तित्वात नसलेल्या डोमेनवर जातो. काहीही करण्याआधी साइटमॅपची फाइल ब्राउझरमध्ये उघडा आणि त्यातले दोन पत्ते प्रत्यक्ष क्लिक करून बघा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेला आणि न लावलेला पत्ता क्रॉलरसाठी दोन वेगळ्या साइट आहेत, हेही तपासा.

शेवटच्या तिरप्या रेघेचा घोळ याहून चिवट. डॉक्युसॉरसमध्ये ‘ट्रेलिंग स्लॅश’ हा पर्याय न भरता सोडला आणि साइट गिटहब पेजेसवर ठेवली, तर ‘/डॉक्स/इंट्रो’ मागितल्यावर सर्व्हर ‘/डॉक्स/इंट्रो/’ कडे पाठवतो. त्या पानावरचा कॅनॉनिकल टॅग मात्र रेघ नसलेल्या पत्त्याकडे बोट दाखवतो. कॅनॉनिकल पाळणारा क्रॉलर ‘मूळ पान दुसरीकडे आहे’ असं समजून हे पान सोडून देतो. यावर ‘इग्नोअर कॅनॉनिकल टू’ हा पर्याय चालू करण्याचा सल्ला मिळतो, आणि डॉक्युसॉरससाठीच्या तयार नमुन्यात तो चालूच असतो. पण त्याने दुखणं झाकलं जातं: पानं इंडेक्समध्ये, म्हणजे शोधाच्या साठ्यात, येतात, पण दोन पत्त्यांनी दोनदा येण्याची वाटही मोकळी होते. ‘ट्रेलिंग स्लॅश’ला ट्रू किंवा फॉल्स, काहीतरी एक ठाम किंमत द्या. होस्टिंग ज्या रूपाकडे पाठवतं तेच रूप निवडा.

पुढची चूक पॅटर्नची. अल्गोलियाच्या क्रॉलरमध्ये ‘पाथ्स टू मॅच’मधले पॅटर्न ग्लॉब पद्धतीचे (तारा म्हणजे ‘काहीही’) असतात, रेग्युलर एक्स्प्रेशन नसतात. तिथे एकच तारा तिरपी रेघ ओलांडत नाही. ‘/डॉक्स/*’ लिहिलं तर ‘/डॉक्स/इंट्रो’ जुळतं, पण ‘/डॉक्स/गाइड/सेटअप’ जुळत नाही. आतली पानं हवी असतील तर दोन तारे: ‘/डॉक्स/**’. टाइपसेन्सच्या स्क्रेपरमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे ‘स्टार्ट यूआरएल्स’ आणि ‘स्टॉप यूआरएल्स’ ही रेग्युलर एक्स्प्रेशन्स आहेत. जुनी आवृत्ती वगळायला ‘/व्ही१’ लिहिलं की ‘/व्ही१०’, ‘/व्ही११’ आणि ‘/व्ही१.२’ हीसुद्धा जातात. प्रकल्प दहाव्या आवृत्तीवर पोचला त्या दिवशी सगळी नवी पानं शोधातून गायब होण्याचं हे हमखास कारण. शेवटी रेघ घालून ‘/व्ही१/’ लिहा. तसंच सुरुवातीचा पत्ता ‘/डॉक्स’ असा उघडा सोडला तर ‘/डॉक्स-ओल्ड’ पण आत येतं.

रोबोट्सची फाइल आणि नोइंडेक्स

क्रॉलरने काय वाचायचं ते सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही पद्धत १९९४ पासून रुळलेली आहे आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून ती प्रमाणित झाली. फाइल डोमेनच्या मुळाशीच असावी लागते. गिटहब पेजेसवर प्रकल्पाची साइट उपफोल्डरमध्ये असते, आणि तिथे ठेवलेली रोबोट्सची फाइल कोणताही नियम पाळणारा क्रॉलर वाचत नाही. दुसरी बाब: फाइल नसेल आणि सर्व्हर ४०४ देत असेल तर प्रमाणानुसार सगळी साइट खुली धरली जाते. पण त्याच पत्त्यावर सर्व्हर ५०३ (सेवा तात्पुरती बंद) देत असेल तर सगळी साइट बंद धरायची असते. डिप्लॉयमेंट चालू असतानाच क्रॉल सुरू झाला आणि एकही पान मिळालं नाही, तर आधी इथे बघा.

प्रीव्ह्यूच्या पत्त्यावर क्रॉलर तपासू नका. व्हर्सेलसारख्या सेवा प्रीव्ह्यू डिप्लॉयमेंटला ‘हे पान शोधात घेऊ नका’ असं सांगणारा नोइंडेक्सचा हेडर लावतात, तो पानाच्या सोर्समध्ये दिसत नाही आणि क्रॉलर प्रत्येक पान सोडतो.

पानातून नेमकं काय उचललं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सिलेक्टर लिहिताना बहुतेक जण ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधून क्लासची नावं उचलतात. इन्स्पेक्टमध्ये दिसतं ते जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं पान. क्रॉलरला मिळतं ते सर्व्हरने पाठवलेलं मूळ एचटीएमएल. म्हणून ‘व्ह्यू पेज सोर्स’ किंवा टर्मिनलवर कर्ल वापरा आणि पानातलं एखादं वाक्य त्या मजकुरात शोधा. डॉक्युसॉरसची पानं आधीच तयार केलेली असल्यामुळे वाक्य सापडतं. स्वॅगर यूआय या साधनाने दाखवलेला एपीआय संदर्भ मात्र सोर्समध्ये जवळपास रिकामा असतो. अशा वेळी ‘रेंडर जावास्क्रिप्ट’ला सरसकट ट्रू करू नका, कारण सगळा क्रॉल मंदावतो. हा पर्याय पॅटर्नची यादीही घेतो, तेव्हा फक्त एपीआयच्या पानांपुरता चालू ठेवा.

क्लासच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि चार-पाच निरर्थक अक्षरं दिसली तर त्या क्लासला हात लावू नका. ती शेपटी बिल्डच्या वेळी तयार होते आणि थीम बदलली की बदलू शकते. टिकणारे सिलेक्टर साधे असतात: आर्टिकलमधला एच१, आर्टिकलमधला एच२ आणि असेच पुढे. डॉक्युसॉरसमध्ये एक बारकावा आहे. शीर्षक मार्कडाउनमध्ये लिहिलं नसेल तर एच१ हेडर टॅगच्या आत येतो, म्हणून पहिल्या पातळीसाठी ‘हेडर एच१’ आणि ‘आर्टिकल एच१’ दोन्ही द्या.

मजकुरासाठी नुसता ‘पी’ हा सिलेक्टर दिला की फूटरमधली कॉपीराइटची ओळ आणि कुकीची परवानगी मागणारा मजकूर प्रत्येक पानाच्या रेकॉर्डमध्ये, म्हणजे इंडेक्समधल्या नोंदीत, शिरतो. मग ‘कुकी’ शोधलं की साइटवरचं प्रत्येक पान उत्तर म्हणून येतं. सिलेक्टर नेहमी आर्टिकलच्या आत बांधा. यादीतल्या मुद्द्यांमध्ये मोकळी ओळ सोडली असेल तर मार्कडाउनमधून ‘एलआय’च्या आत ‘पी’ तयार होतो आणि दोन्ही सिलेक्टर दिलेले असतील तर तोच मजकूर दोनदा उचलला जाण्याचा धोका असतो.

शून्याव्या पातळीला, म्हणजे निकालांच्या गटाच्या नावाला, साइडबारमधला चालू विभाग द्यावा आणि तो न सापडल्यास वापरायचं ठरावीक नावही द्यावं. सगळे निकाल ‘डॉक्युमेंटेशन’ या एकाच गटात दिसत असतील तर साइडबारचा सिलेक्टर जुळत नाही आणि ते ठरावीक नावच सगळीकडे लागतंय, हे ओळखा. शीर्षकांना आयडी नसेल तर शोधातून आलेला वाचक पानाच्या माथ्यावर किंवा आधीच्या भलत्याच शीर्षकापाशी उतरतो.

कोडचे ठोकळे इंडेक्समध्ये घ्यायचे की नाही यावर मत स्पष्ट आहे: मोठे ठोकळे नकोत, ते रेकॉर्ड फुगवतात आणि भलते निकाल वर आणतात. पण लोक सर्वात जास्त चिकटवतात ते एरर मेसेज आणि पर्यायांची नावं. ती वाक्यातल्या इनलाइन कोडमध्ये आणि तक्त्यांत आली पाहिजेत, म्हणून तक्त्याचे रकाने मजकुराच्या सिलेक्टरमध्ये घ्या. बदलांची भलीमोठी नोंदवही, म्हणजे चेंजलॉग, मात्र वगळाच. शेकडो शीर्षकांचं ते एक पान प्रत्येक शोधात पुढे घुसतं.

हे सगळं तपासायला पूर्ण क्रॉल लागत नाही. क्रॉलरच्या एडिटरमध्ये यूआरएल टेस्टर आहे. एक साधं पान, एक लांब पान, एक तक्त्यांनी भरलेलं पान आणि एक एपीआयचं पान त्यात घाला आणि तयार झालेली रेकॉर्ड्स ओळीने वाचा.

रेकॉर्ड आहे, तरी शोधात येत नाही

इथे दोषी बहुधा फॅसेट, म्हणजे निकाल गाळण्याचा निकष, असतो. डॉक्युसॉरसचा संदर्भानुसार शोध मुळातच चालू असतो. तो प्रत्येक शोधाबरोबर भाषा आणि ‘डॉक्युसॉरस टॅग’ यांची चाळणी लावतो. इंडेक्सच्या ‘अॅट्रिब्यूट्स फॉर फॅसेटिंग’मध्ये लँग्वेज, व्हर्जन, टाइप आणि डॉक्युसॉरस टॅग ही नावं नसतील तर चाळणीतून काहीच खाली पडत नाही. रेकॉर्ड्स हजारो, निकाल शून्य. खात्री करायला संदर्भानुसार शोध तात्पुरता बंद करा. निकाल आले तर दोष इथेच आहे.

मग लोक ही नावं कॉन्फिगमधल्या ‘इनिशियल इंडेक्स सेटिंग्ज’मध्ये घालतात, पुन्हा क्रॉल करतात, आणि तरी फरक पडत नाही. ही सेटिंग्ज इंडेक्स पहिल्यांदा तयार होताना एकदाच लागू होतात. इंडेक्स आधीपासून असेल तर बदल डॅशबोर्डवर हाताने करा, किंवा इंडेक्स काढून टाकून क्रॉल नव्याने चालवा.

जुन्या आवृत्त्या ठेवायच्या असतील तर त्यांना ‘पेज रँक’ (निकालांतलं वजन) कमी द्या. वगळण्यापेक्षा हे बरं, कारण जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांनाही शोध लागतो.

ब्राउझरमध्ये जाणाऱ्या कॉन्फिगमध्ये फक्त शोधापुरती असलेली की टाका. अॅडमिन की तिथे गेली तर पान उघडणारा कोणीही तुमचा इंडेक्स पुसू शकतो.

क्रॉल झाला, पण इंडेक्स जुनाच

क्रॉलरमध्ये एक सुरक्षा तपासणी असते: आधीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त रेकॉर्ड्स कमी झाली तर नवा इंडेक्स प्रकाशितच होत नाही आणि जुना चालू राहतो. तुम्ही मुद्दाम एक अख्खी आवृत्ती काढली असेल तर हा अडसर येणारच. ती मर्यादा एका क्रॉलपुरती वाढवा आणि परत १० वर आणा. कायमची १०० करून ठेवली तर पुढच्या थीम बदलात सिलेक्टर तुटल्यावर रिकामा इंडेक्स सरळ वाचकांसमोर जाईल.

डॉकसर्चचा क्रॉल ठरल्या वेळापत्रकानुसार, मुळात आठवड्यातून एकदा होतो. नवं पान लगेच हवं असेल तर डिप्लॉयमेंटनंतर क्रॉल सुरू करण्याची पायरी जोडा, पण सीडीएनची, म्हणजे पानांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांची, कॅशे रिकामी झाल्यावरच. नाहीतर क्रॉलर जुनीच पानं पुन्हा वाचून येतो. अहवालात ४२९ (मागण्या फार झाल्या) दिसू लागले तर ‘रेट लिमिट’ अर्ध्यावर आणा. ४०३ (प्रवेश नाकारला) दिसले तर होस्टिंगच्या बॉटरोधक नियमात क्रॉलरच्या यूजर एजंटला वाट द्या.

मराठी पानं असतील तर

डॉक्युसॉरस प्रत्येक भाषेची साइट वेगळी बांधतो, त्यामुळे मराठीचा साइटमॅपही मराठीच्या फोल्डरमध्ये वेगळा असतो. तो क्रॉलरच्या यादीत स्वतंत्रपणे घाला.

‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’ हे डोळ्यांना एकच दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत आहे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत आणि मध्ये न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. कीबोर्डनुसार लेखक एक लिहितो, वाचक दुसरं टाइप करतो. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन हे दोन एकत्र आणत नाही. स्वतःची पायथन स्क्रिप्ट लिहून शब्द तोडत असाल तर आणखी एक खड्डा आहे: तिथल्या ‘रे’ मॉड्यूलमधला ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ काना-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही आणि ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे होतात. शब्द मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडा.

जॉइनरवाला ‘र’ एका रूपात आणण्याचं काम रेकॉर्ड एक्स्ट्रॅक्टरमध्ये, म्हणजे कॉन्फिगमधल्या रेकॉर्ड बनवणाऱ्या फंक्शनमध्ये, करता येतं: डॉकसर्चच्या हेल्परने परत केलेल्या प्रत्येक रेकॉर्डच्या शीर्षकांत आणि मजकुरात ‘र’, हलंत, जॉइनर या तिकडीच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत घाला. दिसायला काहीच बदलत नाही. हाच बदल वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही, शोध पाठवण्याआधी करा. डॉकसर्चमध्ये त्यासाठी ‘ट्रान्सफॉर्म सर्च क्लायंट’ आहे. फक्त इंडेक्स बदलून शोधपट्टी तशीच सोडली, तर जॉइनर टाइप करणाऱ्या ज्या वाचकांना आजवर निकाल मिळत होते, त्यांचेही बंद होतील.