गॅनिमीड कोणता तारा झाकणार, हे घरबसल्या कसं काढायचं

7 जून 1972 ला गुरूच्या गॅनिमीड या चंद्राने एक तारा झाकला. तमिळनाडूतल्या कावलूरहून आणि जावा बेटावरच्या लेंबांगहून ते पिधान टिपलं गेलं आणि गॅनिमीडला वातावरण असावं, असा अंदाज त्यावरून बांधला गेला. (1979 मध्ये व्हॉयेजर यानाच्या निरीक्षणांनी त्या वातावरणाच्या दाटपणाचा अंदाज फारच खाली आणला, पण ते असो.) अशी पिधानं आधी हुडकायची कशी, एवढाच आजचा विषय. 'तारांगणाचं ॲप उघडा आणि झूम करा' हा सल्ला मला वर्षानुवर्षं ऐकावा लागतो. ॲप चित्र छान दाखवतं, पण इथे प्रश्न आर्कसेकंदाच्याही (अंशाचा 3,600 वा भाग) तुकड्यांचा आहे.

तारे जमवा. पुढच्या वर्षभरातल्या गुरूच्या वाटेवर अर्ध्या अंशाचा पट्टा आखा आणि गाया उपग्रहाच्या तिसऱ्या यादीतून (डीआर3) त्यातले आठव्या-नवव्या प्रतीपर्यंतचेच तारे उतरवा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). लोभ नको. गॅनिमीड स्वतः साधारण 4.6 प्रतीचा, त्याच्याआड दहाव्या प्रतीचा तारा गेला तर एकूण प्रकाश एक टक्कासुद्धा कमी होत नाही.

गॅनिमीडची स्थानं मिळवा. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची हॉरायझन्स ही ग्रह-चंद्रांची स्थानं देणारी ऑनलाइन सेवा आहे. तिथे गॅनिमीडचा क्रमांक 503. निरीक्षक पृथ्वीच्या केंद्रात ठेवा, आधी दहा-दहा मिनिटांनी तक्ता काढा, जवळीक दिसली की त्या तासापुरता दहा-दहा सेकंदांनी. जादा अचूकतेची खूण करायला विसरू नका.

आता खरी मेख. हॉरायझन्स दोन प्रकारची स्थानं देतं: 'अ‍ॅस्ट्रोमेट्रिक' आणि 'अ‍ॅपरंट'. दुसऱ्या प्रकारात त्या दिवसापर्यंतचं अयनचलन (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरल्याने स्थानांच्या आकड्यांत पडणारा फरक) धरलेलं असतं. गायाची यादी मात्र, पहिल्या प्रकारासारखीच, स्थिर (2000 सालच्या) चौकटीत आहे. अयनचलन वर्षाला सुमारे 50 आर्कसेकंद, म्हणजे 2000 ते 2026 मध्ये जवळपास 22 कला (कला म्हणजे 60 आर्कसेकंद). पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त. माझं पहिलं 'पिधान' असंच निघालं होतं. गच्चीवर दुर्बीण लावली, शेजाऱ्यांना बोलावलं, आणि बघतो तर गुरू एकीकडे, तारा भलतीकडे! चहा तेवढा झाला. तेव्हा कायम अ‍ॅस्ट्रोमेट्रिकच घ्या. 'अ‍ॅपरंट म्हणजे प्रत्यक्ष दिसणारं, म्हणून तेच बरोबर' असं सांगणारे भेटतील. मान डोलवा आणि पुढे चला.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. पुढची दिसत नाही. गायाच्या यादीतलं स्थान 2016.0 या क्षणाचं आहे आणि तारे जागचे हलतात. निजगती, म्हणजे ताऱ्याचं हे स्वतःचं सरकणं, वर्षाला 30 मिलिआर्कसेकंद असेल तर दहा वर्षांत 0.3 आर्कसेकंद झाले. गुरू पाच खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) असताना एक आर्कसेकंद म्हणजे साधारण 3,600 किमी, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशात पृथ्वीवर पडणारी गॅनिमीडची सावली तुमच्या गणितात 1,100 किमी सरकली. तारा गुपचूप चमकत राहतो आणि आपण दुर्बिणीला, हवेला, नशिबाला बोल लावतो. म्हणून प्रत्येक तारा निरीक्षणाच्या तारखेला आणून ठेवा.

त्यातही एक खोच आहे. विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश. यादीतल्या विषुवांशाच्या निजगतीला क्रांतीच्या कोसाइनने आधीच गुणलेलं असतं. ती विषुवांशात मिळवण्याआधी त्या कोसाइनने भागा. उलट गॅनिमीड आणि तारा यांच्यातलं अंतर काढताना विषुवांशांच्या फरकाला त्याने गुणा. मी हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याशेजारी चिकटवलंय. पाठ आहे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. यादीत 'आरयूडब्ल्यूई' हा मोजणी किती नीट जुळली ते सांगणारा आकडा 1.4 च्या वर असेल तर तो तारा बहुधा जोडतारा किंवा बिघडलेली मोजणी, सोडून द्या.

चाळणी लावा. 8.794 ला गुरूच्या खगोलीय एककांतल्या अंतराने भागा. गुरूवरून दिसणारी पृथ्वीची त्रिज्या आर्कसेकंदांत मिळते. गुरू 4.2 एककांवर असेल तर ती 2.1. तिच्यात गॅनिमीडची त्रिज्या 0.86 मिळवा. तारा आणि गॅनिमीड यांच्यातलं सर्वांत कमी अंतर या सुमारे तीन आर्कसेकंदांच्या आत आलं, तरच पृथ्वीवर कुठेतरी पिधान आहे.

आपल्या गावासाठी तपासा. हॉरायझन्समध्ये निरीक्षक पृथ्वीच्या केंद्रातून उचलून आपल्या अक्षांश-रेखांशावर ठेवा आणि अंतर पुन्हा काढा. ते गॅनिमीडच्या त्रिज्येच्या (वरच्या उदाहरणात 0.86) खाली जात असेल तर तुमच्याकडे तारा झाकला जाणार. नकाशे काढत बसायची गरज नाही. वेळ जागतिक आहे, साडेपाच तास मिळवा. सूर्य मावळलेला आहे ना आणि गुरू क्षितिजाच्या पुरेसा वर आहे ना, तेही बघा. बहुतेक उमेदवार इथेच गळतात.

हॉरायझन्सवर निरीक्षकाच्या तक्त्याऐवजी सदिशांचा (x, y, z स्थानांचा) तक्ता घेतला असेल तर सावधान: तिथली वेळ टीडीबी या खगोलगणिताच्या कालमापनात असते, जागतिक वेळेच्या 69 सेकंद पुढे.

सगळं जुळलं तरी लगेच शेजाऱ्यांना बोलावू नका. आधी जुन्या घटनेवर गणित चालवा. 5 ऑक्टोबर 2017 ला नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्राने साडेबाराव्या प्रतीच्या आसपासचा तारा झाकला. ते पिधान युरोपातून आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून दिसलं. तुमच्या आकड्यांत त्या रात्रीचं पृथ्वीकेंद्री अंतर 0.37 आर्कसेकंदांच्या (चाळणीतलीच बेरीज, नेपच्यूनचं अंतर आणि ट्रायटनची त्रिज्या धरून) आत आलं पाहिजे. नाही आलं, तर आधी कोसाइन तपासा.