पावसाळा सरताना ताप आला, तर अंगावर काळी खपली शोधा

पोळा झाला की धुऱ्यावरचे गवत कमरेला लागते, धानाच्या बांध्यांत पाणी असते आणि सोयाबीनची सोंगणी जवळ येते. तापाचे रोगी वाढतात ते याच दिवसांत. मलेरिया-डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून ‘व्हायरल असेल’ असे समजून घरी थांबू नका. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ येऊन गेली आहे.

या रोगाचे जंतू गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून अंगात शिरतात. पिल्लू डोळ्याला जेमतेम दिसते, चावा कळतही नाही. ताप साधारण सहा ते एकवीस दिवसांत चढतो. काख, जांघ, कंबरपट्टा, गुडघ्यामागे, बायकांनी स्तनाखाली नीट पाहावे. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आणि भोवती लाल कडा दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा. मात्र खपली नाही म्हणजे रोग नाही, असे नव्हे.

ही पिल्ले उंदरांच्या अंगावरही पोसतात. पण नुसते उंदीर मारून हा रोग जात नाही, कारण जंतू किड्याच्या मादीतून अंड्यांत उतरतात. म्हणून घर आणि गोठ्याभोवतीचे गवत, झुडपे आधी काढा, मग उंदरांचा बंदोबस्त करा. गवत कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा. शिदोरी धुऱ्यावर बसून खाऊ नका, ताडपत्री अंथरा. काढलेला शर्ट झुडपावर टाकू नका. घरी येताच साबणाने अंग घासून आंघोळ करा आणि कामाचे कपडे गरम पाण्यात धुवा.

बांधीत उतरणाऱ्यांना धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाचा. उंदीर, गुरे, डुकरे यांच्या मुतातले जंतू पायाच्या भेगांतून, जखमेतून शिरतात. जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, गमबूट घाला. पोटऱ्या फार दुखणे आणि डोळे लाल होणे ही याची खूण.

गाय गाभडली तर त्यामागे ब्रुसेला हा गुरांकडून माणसाला होणारा तापाचा रोग असू शकतो, म्हणून वार उघड्या हाताने ओढू नका. हातमोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा, दूध उकळूनच प्या. ब्रुसेलाची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात.

स्क्रब टायफसवर डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन चालते, पेनिसिलिन गटातली औषधे नाहीत. म्हणून गावात सुई टोचून दिवस घालवू नका. कोणते औषध, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. बाई गरोदर असेल तर आधीच सांगा. धाप लागली, लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले किंवा रोगी बरळू लागला, तर त्याच दिवशी नागपूरचे मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठा. गवत कापले, बांधीत उतरलो, गाय गाभडली, यांतले जे घडले ते तिथे स्वतःहून सांगा.